स्कॅनर लावण्याआधी खातं ठरवा: छोट्या लॉज, खानावळ आणि होमस्टेवाल्यांसाठी

पेंचच्या जंगलालगत सिल्लारीला किंवा उमरेड-कऱ्हांडल्याच्या बाजूला घराच्या दोन खोल्या काढून होमस्टे सुरू करणारी मंडळी हल्ली मला एकच विचारतात, "ताई, स्कॅनर कोणत्या कंपनीचा घेऊ?" मी नागपूरला गणेशपेठ बस स्टँडजवळ सासरचं चौदा खोल्यांचं लॉज सांभाळते, खाली छोटी खानावळ आहे. त्यामुळे मला यातलं काही गुपित ठाऊक असेल असं त्यांना वाटतं. कंपनी कुठलीही घ्या, काही बिघडत नाही. यूपीआयचा क्यूआर कोणीही दिलेला असो, पाहुण्याच्या फोनमध्ये जे ॲप असेल त्यावरून पैसे येतातच. विचार करायचा तो दोन गोष्टींचा. पैसे कोणाच्या खात्यात पडणार, आणि पडले हे मध्यरात्री काउंटरवर बसलेल्या पोराला कसं कळणार? हे दोन्ही ठरलं की बाकी काम सोपं आहे. हे न ठरवता स्कॅनर लावला तर रोज रात्री हिशोबाला कटकट आहे.

खातं कोणाचं

आपल्याकडे सुरुवात बहुतेक एकाच पद्धतीने होते. मुलाच्या फोनमध्ये ॲप असतं. तो स्वतःच्याच क्यूआरची प्रिंट काढून देतो, आपण ती चिकटपट्टीने गल्ल्यावर लावतो. पुढे मुलगा पुण्याला नोकरीला लागतो. पैसे त्याच्या खात्यात, मेसेज त्याच्या फोनवर, आणि आपण इथून दर वेळी विचारायचं, "बाराशे आले का रे?" तो मीटिंगमध्ये असतो, फोन उचलत नाही, आणि इकडे पाहुणा बॅग खांद्याला लावून गाडीच्या वेळेकडे बघत उभा.

तेव्हा आधी बँकेत जा आणि धंद्याच्या नावाने चालू खातं उघडा. पॅन, आधार, गुमास्ता (दुकान नोंदणी), उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची) आणि असेल तर जीएसटी नंबर, एवढे कागद धरून ठेवा. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी कोणा एजंटला पाचशे-हजार देऊ नका. अगदी दोन खोल्यांचा होमस्टे असेल आणि चालू खात्याचा किमान शिलकीचा भार नको असेल, तर निदान एक खातं फक्त त्याच कामासाठी बाजूला ठेवा. त्यात भिशीचे पैसे नको, बहिणीने परत केलेली उसनवारी नको, पोराच्या फीसाठी मामाने पाठवलेले दहा हजार नको. वर्षाच्या शेवटी सीए विचारतो की हे साडेतीन हजार कशाचे, तेव्हा "ते भिशीचे होते" हे सिद्ध करणं फार जड जातं.

खातं झालं की त्यावर मर्चंट क्यूआर मागा. घरगुती, एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे पैसे पाठवायचा क्यूआर नको. मर्चंटचा घेतला की धंद्याचं वेगळं ॲप मिळतं, त्यात दिवसाचा हिशोब दिसतो, कामाच्या माणसाला मर्यादित प्रवेश देता येतो आणि पैसे परत करायची सोय असते. फॉर्म भरताना एक गोष्ट आवर्जून विचारा: स्कॅन केल्यावर गिऱ्हाइकाला नाव कोणतं दिसेल? पाटीवर लॉजचं नाव आणि स्क्रीनवर माझ्या दिराचं नाव दिसलं तर माणूस थबकतो. आणि थबकणारा माणूस शहाणा आहे, त्याच्यावर चिडू नका.

स्कॅनर एकच ठेवा. सीताबर्डीपासून इतवारीपर्यंत कंपन्यांची पोरं दुकानोदुकानी फिरतात, "मॅडम, फ्री आहे, लावून ठेवा" म्हणून आपापला स्टँड ठेवून जातात. काउंटरवर तीन रंगांचे तीन स्टँड दिसायला छान दिसतात. रात्री मात्र तीन ॲप उघडून तीन याद्या जुळवायच्या असतात, आणि खोली क्रमांक नऊचे अकराशे तिन्हींपैकी कुठे पडले ते शोधायचं असतं.

खर्चाचं थोडक्यात सांगते. बँक खात्यातून येणाऱ्या यूपीआय पेमेंटवर दुकानदाराला १ जानेवारी २०२० पासून एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडून कापलं जाणारं शुल्क, नाही. रुपे डेबिट कार्डालाही नाही. पण यूपीआयला जोडलेल्या रुपे क्रेडिट कार्डावरून कोणी बिल भरलं तर तिथे शुल्क आहे, लहान दुकानदारांना २००० रुपयांपर्यंत माफ. प्रीपेड वॉलेटमधून यूपीआयने २००० च्या वर आले तर एप्रिल २०२३ पासून इंटरचेंज नावाचं शुल्क लागतं, धंद्याच्या प्रकारानुसार १.१ टक्क्यांपर्यंत. खोलीभाडं सहज दोन हजारांच्या वर जातं, म्हणून हे तुमच्या कंपनीला आधीच लेखी विचारा. क्रेडिट कार्ड आणि वॉलेट नको असेल तर ते बंद ठेवता येतं का, हेही विचारा. आणि साउंडबॉक्सचं, म्हणजे पैसे आले की मोठ्याने सांगणाऱ्या डब्याचं, भाडं. "फ्री" म्हणजे पहिले काही महिने फ्री, पुढे दरमहा खात्यातून आपोआप कटतं.

काउंटरवरची मांडणी

कागदी स्टिकर चिकटवू नका. ॲक्रिलिकचा जड स्टँड घ्या, काउंटरच्या आतल्या बाजूला ठेवा आणि गिऱ्हाइकाला दाखवायचा तेव्हा पुढे सरकवा. कोणी येऊन तुमच्या क्यूआरवर स्वतःचा चिकटवून जाण्याची चोरी देशभर झालेली आहे, आणि लॉजच्या काउंटरसमोर तर दिवसभर अनोळखी माणूस येतो-जातो. आमच्याकडे सकाळी काउंटर उघडणाऱ्याने पाण्याचा जार बदलायच्या आधी स्वतःच्या फोनवर स्कॅन करून नाव वाचायचं, असा नियम आहे. पैसे पाठवायचे नाहीत, फक्त नाव बघायचं. तर्री पोह्याच्या गाड्यावर जो स्कॅनर खांबाला टांगलेला असतो, त्याने तर हे रोज करावंच.

साउंडबॉक्सला स्वतःचं सिम असतं, म्हणून तो कुठल्या कोपऱ्यात ठेवताय ते महत्त्वाचं. आमचं काउंटर जिन्याखाली आहे, तिथे रेंज कुथत येते. बॉक्स खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला तेव्हा तो वेळेवर बोलायला लागला. मराठीत बोलणारा मागा, मिळतो. रात्री अकरानंतर आवाज कमी करा, पण बंद करू नका. खोली क्रमांक एकमधला पाहुणा तक्रार करेल, त्याला वरच्या मजल्यावर हलवा.

रात्रीच्या माणसाकडे मालकाचा फोन ठेवायची पद्धत अनेक ठिकाणी पाहते. ती आजच बंद करा. त्या फोनमध्ये तुमचं बँकेचं ॲप असतं, ओटीपी त्याच फोनवर येतात. मर्चंट ॲपमध्ये कर्मचारी जोडायची सोय असते. त्यात फक्त "आलेले पैसे बघणे" एवढाच हक्क द्या. पैसे परत करायचा हक्क स्वतःकडे ठेवा. माणूस काम सोडून गेला की त्याच दिवशी त्याचं नाव काढा. हिशोब चुकता करताना ज्या वहीवर सही घेता, त्याच वहीत "ॲपमधून काढले" असं लिहा म्हणजे विसरणार नाही.

पैसे आले कधी म्हणायचं

पाहुण्याच्या फोनवर हिरवी खूण दिसली म्हणजे पैसे आले असं नाही. त्याने स्क्रीनशॉट दाखवला म्हणजे तर नाहीच. हुबेहूब हिरवी स्क्रीन दाखवणारी खोटी ॲप फिरतात. त्यात नाव आणि रक्कम भरली की "टिंग" आवाजही येतो. आपल्या बाजूला तीनच पुरावे चालतात: साउंडबॉक्स बोलला, मर्चंट ॲपमध्ये नोंद दिसली, किंवा बँकेचा मेसेज आला. मेसेज बँकेच्याच नावाने आलाय ना, तेही बघायचं. दहा आकडी मोबाइल नंबरावरून आलेला "क्रेडिटेड" मेसेज म्हणजे कोणीतरी टाइप केलेला मेसेज.

काउंटरवरच्या पोराला हे पाहुण्यासमोर बोलायला संकोच वाटतो. त्याला वाक्य पाठ करून द्या: "दादा, बसा दोन मिनिटं, मशीन बोललं की चावी देतो." यात कोणावर संशय घेतल्यासारखं होत नाही, दोष मशीनवर जातो.

खरी गुंतागुंत होते ती पैसे कटले आणि आले नाहीत, तेव्हा. मर्चंटला दिलेल्या पेमेंटची पोच आली नाही तर बँकेने पाच दिवसांच्या आत पैसे आपोआप परत करायचे, नाही केले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. हे काउंटरवर मराठीत छापून लावा. भांडण अर्धं तिथेच संपतं. बाकी अर्ध्यासाठी असं करायचं: पाहुण्याच्या ॲपमधला बारा आकडी यूपीआय व्यवहार क्रमांक बिलावर लिहायचा, बिल रोखीने किंवा दुसऱ्या ॲपवरून घ्यायचं, आणि खाली लिहून द्यायचं, "वरील व्यवहाराची रक्कम आमच्या खात्यात जमा झाल्यास त्याच खात्यावर परत केली जाईल", सही आणि शिक्का. शिक्का बघून माणूस शांत होतो, हा माझा अनुभव आहे. आणि रक्कम खरंच नंतर आली तर विसरू नका. वहीत शेवटचं पान त्यासाठीच ठेवा.

आमच्याकडे पर्यटक कमी आणि दवाखान्याचे लोक जास्त. मेडिकलला, मेयोला, या सरकारी दवाखान्यांत पेशंट भरती असतो, सोबतचे दोघं-तिघं आमच्याकडे. यात एक प्रकार असा, की पैसे देणारा माणूस समोर नसतोच. वणीकडचे एक काका काउंटरवर कीपॅडचा फोन घेऊन उभे होते. म्हणाले, "माया पुतण्या टाकते न पैशे. थ्याले तुमचा थो चौकोन धाडून द्या बाई, थो तिकून टाकते." चौकोन म्हणजे क्यूआर. आमच्या पोराने फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला. तिकडून पुतण्याचा फोन, "होऊन नाही राहिलं." बिल होतं चोवीसशेचं. गॅलरीतल्या फोटोवरून स्कॅन केलं की बरेचदा २००० रुपयांच्या वर पेमेंट जातच नाही, ती सुरक्षेसाठी घातलेली मर्यादा आहे. अशा वेळी फोटो नाही, यूपीआय आयडी टाइप करून पाठवायचा, म्हणजे तो टाकून पैसे येतात. आयडीच्या खाली लिहायचं: "स्क्रीनवर अमुक नाव दिसेल, तेच असेल तर पाठवा. नोटमध्ये 'खोली ७' लिहा." ते नोटमध्ये लिहायला सांगणं फार कामाचं आहे, नाहीतर रात्री यादीत पुतण्याचं नाव दिसतं आणि रजिस्टरमध्ये काकांचं, आणि दोघांचा संबंध लावायला कोणी जागं नसतं. हा मजकूर फोनमध्ये तयार ठेवा, दर वेळी टाइप करू नका.

पाहुण्याचा फोन किंवा ॲप नवीन असेल तर पहिल्या चोवीस तासांत बहुतेक बँका ५००० च्या वर जाऊ देत नाहीत. "सकाळीच नवा फोन घेतला" असं म्हणणारा दर वेळी थापा मारत नसतो.

ॲडव्हान्स, परतावा आणि 'कामठी छावणीतून बोलतोय'

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन लागलं की शहरात खोली मिळत नाही. कार्यकर्ते, मोर्चेवाले, पत्रकार, मंत्र्यांच्या मागे आलेले लोक. सगळे फोनवर खोली धरतात, आणि निम्मे येत नाहीत. म्हणून ॲडव्हान्स घ्यावाच लागतो, आणि घेतला की परत करायची वेळही येते. अट आधी लिहून पाठवा. आमचा मजकूर असा असतो: "एका रात्रीचं भाडं आगाऊ. येण्याच्या ४८ तास आधी कळवलं तर पूर्ण परत. नंतर कळवल्यास परत नाही. परतावा ज्या खात्यातून आला त्याच खात्यात जाईल." पाहुण्याचं "ओके" आल्याशिवाय आयडी पाठवायचा नाही.

त्या मजकुरातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. परतावा नेहमी मर्चंट ॲपमधल्या त्या नोंदीवर जाऊन, तिथूनच करायचा. कोणी म्हणालं "दुसऱ्या नंबरवर टाका", तर नाही म्हणायचं. एक जुनी युक्ती आहे: माणूस फोन करतो, "चुकून १,५०० ऐवजी १५,००० गेले, बाकीचे या नंबरवर परत टाका." त्याने पाठवलेला मेसेज खोटा असतो, खात्यात दीड हजारही आलेले नसतात.

याची मोठी बहीण म्हणजे फौजी साहेबांचा फोन. नागपूरला कामठीची छावणी आहे, वायुसेना नगर आहे, त्यामुळे आपल्याला ते खरं वाटतं. अदबीने बोलतात, हिंदीत, "मॅडम, जवानों के लिए दस रूम चाहिए." फोटोतलं ओळखपत्र पाठवतात. भावताव अजिबात करत नाहीत, इथेच कान टवकारले पाहिजेत. मग म्हणतात, आमच्या विभागाची पद्धत वेगळी आहे, तुम्ही हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे तुमच्याकडे येतील. पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच नाही. कुठल्याही साहेबासाठी नाही. काउंटरच्या आतल्या बाजूला, फक्त आपल्या माणसांना दिसेल असं हे मोठ्या अक्षरात लावा. फसलात तर क्षणाचाही विचार न करता सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा, मग बँक, मग पोलीस ठाणं. लाजेखातर सकाळपर्यंत थांबलात तर पैसे चार खाती फिरून गेलेले असतात.

लग्नाच्या पाहुण्यांसाठी सगळं लॉज धरलं तर बिल लाखावर जातं. यूपीआयची नेहमीची मर्यादा दिवसाला १ लाख आहे, काही बँकांची त्याहून कमी. दोन दिवसांत दोन हप्ते घ्या किंवा सरळ खात्यावर एनईएफटीने मागा, दोन लाख किंवा त्याहून जास्त असेल तर आरटीजीएसने. "बाकीचे रोख देतो" म्हणणाऱ्या वधुपित्याला प्रेमाने सांगा की एका कार्यक्रमासाठी एका माणसाकडून २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात चालत नाही, आणि दंड घेणाऱ्याला होतो.

जंगलाकडच्यांसाठी

पेंच, उमरेड-कऱ्हांडला, बोर, ताडोबा. इथली अडचण वेगळी: रेंज. मुंबईचं कुटुंब तीन दिवस राहतं, निघायच्या सकाळी बिल मागतं आणि नेमकं तेव्हा चाक फिरत राहतं. म्हणून बिल निघताना घेऊच नका. राहण्याचं भाडं बुकिंगच्या वेळी, जेवणखाण्याचं आदल्या रात्री. घरात ब्रॉडबँड येत असेल तर राउटर इन्व्हर्टरवर टाका आणि वायफायचा पासवर्ड बिलाच्या टेबलावर लावा. पाहुण्याला नेट तुम्ही दिलंत तर पेमेंट अडत नाही.

छोट्या रकमांसाठी, म्हणजे चहा, पाण्याची बाटली, मुलाने आणलेलं मॅगी, यूपीआय लाइट चांगलं. त्यात पाहुणा ५००० रुपयांपर्यंत आधीच भरून ठेवतो आणि १००० पर्यंतचं पेमेंट पिनशिवाय पटकन होतं. गावातल्या माणसांकडे साधे फोन असतील तर त्यांना यूपीआय १२३पे आहे, फोन करून पैसे पाठवता येतात. शिकवायला एक संध्याकाळ द्यावी लागते.

गाइड आणि जिप्सीवाल्यांचा प्रश्न कोणी धड सोडवत नाही. ताडोब्यात सफारीला मोबाइल आत नेता येत नाही. तीन-साडेतीन तास वाघ दाखवून झाल्यावर पाहुणा खूश असतो, खिसे चाचपतो, फोन गेटवर किंवा खोलीत, आणि रोख तर शहरातून कोणी आणतच नाही. "नंतर पाठवतो" म्हणतो. तो वाईट माणूस नसतो, पण नाश्ता होईपर्यंत विसरतो. होमस्टेवाल्याने यात पडावं असं माझं मत आहे. आदल्या रात्रीच विचारा, "गाइड आणि ड्रायव्हरसाठी काही द्यायचं असेल तर बिलात धरू का? मी त्यांना रोख देते." रक्कम पाहुण्याने सांगायची, आपण सुचवायची नाही. ती बिलात वेगळ्या ओळीत लिहायची आणि गाइडला त्याच दिवशी पोचवायची.

परदेशी पाहुणे दोन प्रकारचे: वाघासाठी येणारे, आणि दीक्षाभूमीला किंवा कामठीचा ड्रॅगन पॅलेस पाहायला जपान, थायलंडकडून येणारे. त्यांच्यासाठी यूपीआय वन वर्ल्ड नावाचं प्रीपेड वॉलेट आहे, २०२३ च्या जी-२० च्या वेळी सुरू झालं, जुलै २०२४ पासून सगळ्या देशांच्या प्रवाशांसाठी खुलं केलं. पासपोर्ट आणि व्हिसा दाखवून मिळतं. पण पाहुण्याने ते विमानतळावरच घेतलं असेल या भरवशावर राहू नका. परदेशी पाहुणे नियमित येत असतील तर कार्ड मशीन घ्या, शुल्क भाड्यात धरा. वर्षात एखादाच येत असेल तर टूरवाल्याकडून आगाऊ घ्या आणि मशीनचं भाडं वाचवा.

वेटरची टीप

यावर कोणी बोलत नाही म्हणून थोडं जास्त लिहिते. सावजी जेवून उठलेला माणूस पूर्वी बडीशेपच्या वाटीत वीस-तीस रुपये टाकायचा. आता तो बिल स्कॅन करतो, हात पुसतो आणि निघून जातो. कोणी उदार असेल तर ४७० चं बिल असताना ५०० टाकतो आणि म्हणतो, "वरचे पोराला द्या." पैसे पडतात मालकाच्या खात्यात. साउंडबॉक्स मोठ्याने सांगतो पाचशे, तेही वेटरच्या समोर. तो ऐकतो, आणि रात्री त्या तीस रुपयांचं काय झालं ते कोणी त्याला सांगत नाही. पगार वेळेवर देणाऱ्या मालकाकडूनही चांगला माणूस निघून जातो, त्यामागे असं कारण असू शकतं.

दोन उपाय आहेत. पोरांपैकी सगळ्यांचा विश्वास असलेल्या एकाच्या खात्याचा छोटा क्यूआर बडीशेपच्या ताटलीला लावायचा आणि त्यांनी आपसात वाटून घ्यायचे. आम्ही ते करून पाहिलं, पण गिऱ्हाईक गोंधळतं, बिल तिकडेच भरून टाकतं, मग वाद. त्यामुळे दुसरा: बिलवहीत टीपचा एक रकाना. बिलापेक्षा जास्त आले की काउंटरवाल्याने तिथेच आकडा मांडायचा, टेबल क्रमांकासह, आणि रात्री गल्ला बंद करताना तेवढे रोख काढून पोरांना द्यायचे. महिन्याच्या शेवटी पगारात मिळवू नका. रोज द्या. यासाठी गल्ल्यात रोज थोडी चिल्लर लागते, ती ठेवावीच.

टॅक्सची भीती

"ऑनलाइन घेतलं की इन्कम टॅक्सवाला येते", हे महालातल्या जुन्या खानावळवाल्यापासून सगळ्यांच्या तोंडी आहे. २०२५ च्या जुलैत कर्नाटकात लहान दुकानदारांना यूपीआयच्या जमेवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि बेंगळुरूत काहींनी "फक्त रोख" असे बोर्ड लावले, तेव्हा तर इथेही चर्चा झाली. पण कर लागतो तो उलाढालीवर किंवा नफ्यावर, पैसा रोख आला की फोनवरून, याने तो लागू होत नाही. सेवेच्या धंद्याला वर्षाला २० लाखांच्या वर गेलं की जीएसटी नोंदणी लागते, रोखीचे धरूनच. खोलीभाडं दिवसाला ७५०० पर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे, आधी १२ होता. बिलाचा जुना साचा कोणी बदलला नसेल तर बदला.

आणि ऑनलाइनचा एक फायदा कोणी सांगत नाही. अंदाजे नफ्याच्या योजनेत, म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ४४एडी, रोख जमेवर ८ टक्के नफा धरतात, बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या जमेवर ६. योजनेची मर्यादा २ कोटी, पण रोख जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटी. तुमचा धंदा यात बसतो का ते तुमचा सीए सांगेल. त्याच्याकडे जाताना खात्याचं स्टेटमेंट आणि रजिस्टर दोन्ही न्या.

रजिस्टर कसं ठेवायचं तर खोली, पाहुण्याचं नाव, बिल, रोख, ऑनलाइन, व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, आणि पैसे दुसऱ्याने पाठवले असतील तर त्याचं नाव. रात्री गल्ला मोजताना ऑनलाइनचा रकाना मर्चंट ॲपच्या दिवसाच्या बेरजेशी लावायचा. जुळलं नाही तर त्याच रात्री शोधायचं. माझे सासरे अजूनही ती बेरीज हाताने करतात आणि ॲप चुकलं असेल असं आधी म्हणतात.

रोख बंद करू नका

अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा दिली, त्याची आठवण म्हणून गावोगावचे लोक रेल्वेने, ट्रकने, पायी येतात. त्या दोन-तीन दिवसांत मोबाइलच्या टॉवरवर इतका ताण असतो की पेमेंट अडकतं. आणि येणाऱ्यांतल्या बऱ्याच म्हाताऱ्या माणसांकडे रोखच असते, कमरेच्या पिशवीत घडी घातलेली. त्या काळात बिल आल्याआल्या घ्या, दहा-वीस-पन्नासच्या नोटा बँकेतून आधीच आणून ठेवा, आणि "ऑनलाइन नाही" म्हणणाऱ्याला परत पाठवू नका. अधिवेशनातही तेच.

शेवटी दोन बारीक कामं. बँकेला जोडलेल्या नंबरचं रिचार्ज चुकवू नका. बरेच जण जुनं सिम ड्रॉवरमध्ये टाकून विसरतात, नंबर बंद होतो आणि मग मेसेज, ओटीपी सगळंच थांबतं. आणि नको असलेला साउंडबॉक्स परत करताना कंपनीच्या माणसाकडून लेखी पोच घ्या, नंतर यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेच्या यादीत जाऊन त्याच्या भाड्याचा मॅन्डेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, स्वतः रद्द करा. बॉक्स गेला तरी भाडं कटत राहतं, आणि ते थांबवायला कस्टमर केअरशी बोलण्यापेक्षा यादीतलं ते एक बटण दाबणं सोपं.